तपासलेली बाजू

बस डेपोत तिला तोंडावर सगळे चेकरबाई म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथे सांगण्यासारखं नाही. सकाळची पहिली गाडी सुटायच्या आत प्रत्येक बसच्या चाकांचे नट पुरते आवळलेत की नाही हे बघणं तिचं काम. नटाला पाना लावायचा, अंगातला सगळा जोर द्यायचा, आणि नट जागचा हलला नाही की जाड पिवळ्या पेनाने नटावरून चाकावर एक रेघ ओढायची. रेघ म्हणजे इथे तपासून झालंय, सगळं ठीक आहे, आता कोणी हात लावायचा नाही. डेपोत ज्याला धड सही करता येत नव्हती त्यालाही ती रेघ वाचता यायची.

जन्मतःच काही ती संशयी नव्हती. आठ वर्षांपूर्वी एका सोबत्याने सांगितलं की मागची चाकं झाली बघून, तू सही ठोक, आणि हिने भाबडेपणाने ठोकली. दुपारी उतारावर त्याच बसचं एक चाक निखळून जे सुटलं ते थेट एका बंद दुकानाच्या शटरमध्ये जाऊन घुसलं. नशीब बलवत्तर म्हणून कोणाला खरचटलंही नाही. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, ही बाई त्या दिवसापासून पाणीही फुंकून प्यायला लागली. नवऱ्याने गॅस बंद केला तरी ही उठून बघणार. शाळेने लेकीचं वजन लिहून पाठवलं तर ही घरी पुन्हा तिला काट्यावर उभी करणार. नवरा बेकरीत भट्टीवर होता, स्वभावाने तिथल्याच पावासारखा मऊ. तो म्हणायचा, "अगं, जगात काही माणसं आपलं काम नीट करत असतील की!" त्यावर ती म्हणायची, "असतील. मला अजून भेटायची आहेत."

आता अशा बाईच्या पाच वर्षांच्या लेकीच्या जांघेत गाठ यावी, म्हणजे बघा.

लेकीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती दोन मिनिटं एका जागी थांबली तर तिला ताप आलाय असं समजायचं. उड्या मारल्या, रडली, खोकली की तिच्या उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगा यायचा. आडवी झाली की गायब. डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, हर्निया. जन्माच्या वेळी बंद व्हायची एक वाट उघडी राहिलीये, ती शिवून टाकायची. लहानसं ऑपरेशन, अर्ध्या-पाऊण तासाचं. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. नवऱ्याने लगेच मान डोलावली. चेकरबाईच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट अडकून बसली. आडवी झाली की गाठ गायब, आणि ऑपरेशन तर झोपवूनच करणार! मग टेबलावर त्यांना दिसणार काय? दोन्ही बाजू सारख्याच सपाट. कुठली कापायची ते कळणार कशावरून? कागदावरून. आणि कागदावर कोण काय लिहितं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला तिघं दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी राहिली. भिंगरी उपाशी, म्हणून कातावलेली. खिडकीतला कारकून एका हाताने चहा ढवळत, दुसऱ्याने टायपत म्हणाला, "हर्निया. डावी बाजू ना?"

"उजवी!" चेकरबाई एवढ्या जोरात म्हणाली की मागची रांग दचकली.

"हां हां, उजवी. तेच."

"तेच कसं? डावी आणि उजवी तेच कसं हो?"

"अहो बाई, उजवीच लिहिलंय. हे बघा." त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. उजवी लिहिलेलं होतं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. याच्या तोंडात आधी डावी आली कुठून?

वरच्या मजल्यावर एका खोलीत चार खाटा होत्या, मध्ये पडदे. भिंगरीची खाट खिडकीशी. हातातली पिशवी ठेवायच्या आधी चेकरबाईने वाकून खाटेची चाकं बघितली. चारांतल्या एकाचा ब्रेक लागत नव्हता. तिने त्याला पायाने एक दणका दिला.

"बाई, खाटेला लाथा नका मारू," मागून आवाज आला. ती तिथली मोठी सिस्टर. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा कपाळावर सरकवलेला, बोलणं तुटक.

"याचा ब्रेक लागत नाही."

"बाकी तीन लागतात ना? सांगून ठेवते."

बाकी तीन लागतात ना! हे उत्तर डेपोत कोणी दिलं असतं तर त्याची खैर नव्हती. चेकरबाईने सिस्टरच्या नावाने मनात एक फुली मारून ठेवली.

मग सुरू झाली प्रश्नांची सरबत्ती. सिस्टरने भिंगरीच्या मनगटाला पट्टी बांधता बांधता तिलाच विचारलं, नाव काय, वय किती, इथे कशाला आलीस, फुगा कुठल्या बाजूला येतो. भिंगरीने बोटाने दाखवलं. दहा मिनिटांनी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. बोलायला गोड, पण प्रश्न तोच, कुठली बाजू? मग ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर स्वतः दारात आले. कानाला मोबाइल होता आणि ते कोणाला तरी आपल्या गाडीच्या क्लचचं गाऱ्हाणं सांगत होते. मोबाइलवर हात ठेवून म्हणाले, "ही हर्नियावाली ना? कुठली बाजू, बाई?"

चेकरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सगळ्यांना सांगून झालंय, डॉक्टर. तुमच्या कागदावर लिहिलेलं नाही का?"

"लिहिलंय की. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"उजवी."

"बरं. आमचे धाकटे डॉक्टर येऊन खूण करून जातील." आणि ते पुन्हा क्लचकडे वळले.

"बघितलंत?" ती नवऱ्याच्या कानाशी लागली. "खिडकीपासून मोजलं तर चौघांनी विचारलं. एकालाही माहीत नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय."

"अगं, खात्री करून घेत असतील. तू नाही का प्रत्येक नट पुन्हा पुन्हा बघत?"

"बघते. नटाला विचारत नाही, की बाबा रे, तू आवळलेला आहेस का?"

तो भिंगरीला मोबाइलवर हत्तीचं चित्र दाखवायला लागला.

नऊचे साडेनऊ झाले, दहा व्हायला आले. खूण करायला येणाऱ्या धाकट्या डॉक्टरांचा पत्ता नव्हता. पडद्याच्या पलीकडून दोन सिस्टरांचं बोलणं ऐकू आलं. "खिडकीवालीचा कान ना?" "नाही गं, कान काल झाला. ही हर्निया." चेकरबाईने कान टवकारले. कान! म्हणजे जांघ सोडा, यांचा तर डोक्यापासूनच आनंद. तिने खोलीभर नजर फिरवली. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे. पडद्याच्या दोन कड्या गायब. कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडं. ज्या घरात झाकण लावायची शुद्ध नाही तिथे माझ्या पोरीला कापणार?

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही खाली जाऊन काहीतरी खाऊन या. दोघांनी उपाशी राहून काय साधणार आहे?"

तो भाबडा गेला. बायकोला आपली काळजी आहे असं त्याला वाटलं. तिचा बेत ठरला होता, आणि असल्या बेतात नवरा म्हणजे पायातली धोंड.

तिने पडदा ओढला आणि पिशवीतून डेपोचं पिवळं पेन काढलं. बाकीच्या बायकांच्या पिशवीत कंगवा असतो तसं हिच्या पिशवीत ते कायम असायचं.

"भिंगरी, गाऊन वर कर बघू."

आता जरा नीट ऐका, कारण सगळं रामायण इथेच घडलं. हिचा हिशेब सरळ होता. उजवीकडे दुखणं आहे, तिथे त्यांना जे करायचं ते करू देत. भीती आहे ती चांगल्या बाजूची. चुकून सुरी गेली तर तिथेच जाणार, म्हणून सांभाळायची तीच. आणि सांभाळायच्या जागेवर काय करायचं हे तिच्या हाताला इतक्या वर्षांत डोळे मिटून पाठ झालं होतं. तिने लेकीच्या डाव्या जांघेवर, चांगल्या, ठणठणीत जांघेवर, बोटभर लांब जाड पिवळी रेघ ओढली.

"गार आहे! गुदगुल्या होतात!"

"शू! हे आपलं गुपित. कोणी विचारलं तर अवाक्षर काढायचं नाही."

"बाबांना पण नाही?"

"बाबांना तर मुळीच नाही. आणि ऐक. आत गेलीस की डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. या लोकांना डावं-उजवंसुद्धा कळत नाही. कोणी चुकायला लागलं की जोरात ओरडायचं."

भिंगरीने विचार केला. "तेल चुरचुरतं."

"तेल नको गं. नुसतं लक्ष ठेव."

"बरं," भिंगरी म्हणाली आणि आत्तापासूनच डोळे मोठे करून बसली. भूल दिल्यावर पाच वर्षांची पोर लक्ष ठेवणार कशी, एवढा साधा विचार या हुशार बाईच्या डोक्यात आला नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही उगाच नाही.

नवरा परत आला, आणि त्याच्या पाठोपाठ धाकटे डॉक्टर. कोवळं पोर, डोळे झोपेने जड, खिशाला निळं पेन. भिंगरीने गाऊन दोन्ही हातांनी खाली ओढून धरला. ते म्हणाले, "एकदा बघू दे ना बाळा, एकच मिनिट," आणि एका कडेने जरासं वर करून डोकावले. पिवळी रेघ दिसली.

"अरे, मार्क झालेलाच आहे वाटतं," ते म्हणाले. निळं पेन पुन्हा खिशात गेलं, कागदावर बरोबरची खूण झाली, आणि एक जांभई दाबत ते पुढच्या खाटेकडे गेले.

नवरा गोंधळला. "कसला मार्क?"

"असेल काहीतरी त्यांचं," ती म्हणाली. आतून तिला बरं वाटत होतं. चला, आपली रेघ त्यांच्या कागदावर चढली. आता कोणाची टाप नाही डावीकडे हात लावायची.

साडेदहाला मावशी ढकलगाडी घेऊन आल्या. भिंगरी रडली नाही. ताठ बसून, मोठे डोळे करून, वाटेतल्या प्रत्येक माणसाकडे रोखून बघत गेली. "किती शूर आहे हो!" मावशी म्हणाल्या. ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं आणि दोघं बाहेरच्या बाकावर बसली.

बाकावर आणखी एक गृहस्थ होते, गोल चेहऱ्याचे, बोलघेवडे. त्यांच्या मुलीला जन्मापासून डाव्या हाताला सहावं बोट होतं, ते आज काढायचं होतं. नवऱ्याला बोलायला माणूस मिळालं. गृहस्थांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. मुलगी हात वर करून हसत होती, आणि मनगटाच्या जरा खाली एक ठसठशीत निळा बाण बोटाकडे रोखलेला होता.

"आता बघा," गृहस्थ म्हणाले, "सहावं बोट आंधळ्यालाही दिसेल. हाताच्या काकणाला आरसा कशाला? मी त्या डॉक्टरांना म्हटलं, बाण कशाला काढता? तर म्हणाले, नियम म्हणजे नियम. जिथे कापायचं तिथे खूण. खूण नाही तर सुरी नाही."

नवरा हसला. चेकरबाईने फोटो हातात घेतला. बाण बघितला. बोट बघितलं. पुन्हा बाण बघितला.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

"खूण नाही तर सुरी नाही, असं म्हणाले ते."

"त्याच्या आधी."

"जिथे कापायचं तिथे खूण. का हो?"

मार्क झालेलाच आहे वाटतं, असं म्हणून तो जांभई देणारा पोरगा कागदावर खूण करून गेला होता. डावीकडे! मी, मी माझ्या हाताने दाखवून दिलं, इथे कापा म्हणून. पोरगी झोपली असेल, गाठ गायब झाली असेल, आणि त्या सपाट पोटाखाली दिसायला एकच गोष्ट असेल, माझी रेघ. अगं बाई गं! मोबाइल त्या गृहस्थांच्या मांडीवर टाकून ती धावली आणि थिएटरच्या दारावर दोन्ही हातांनी धडाधडा मारायला लागली. घंटा शेजारीच होती, ती तिला दिसली नाही.

"थांबा! थांबा हो! कापू नका!"

दार उघडलं. मोठी सिस्टर उभी होती, तोंडावरचा मास्क खाली ओढलेला.

"ओरडू नका. आत लहान मुलं आहेत. तुम्हालाच बोलवायला निघाले होते."

"कापलं?"

"अजून भूलही दिली नाही. कागदावर उजवी आहे आणि खूण डावीकडे. शिवाय असला पिवळा रंग आमच्याकडे कोणाकडे नाही. म्हणून थांबलोय. मुलीला विचारलं तर ती तोंडच उघडत नाही."

दाराची चौकट धरून चेकरबाई खाली टेकली. नवरा मागे येऊन उभा राहिला होता.

"कसली खूण?" त्याने विचारलं.

"मी केली," ती म्हणाली. "डेपोच्या पेनाने. तुम्हाला खाली पाठवून."

तो दाराच्या फटीतून आत बघायला लागला. चार शब्द बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

सिस्टरने तिला वरून हिरवा झगा घातला, डोक्याला टोपी, पायांना पिशव्या, आणि हाताला धरून आत नेलं. आत गार होतं. टेबलावर भिंगरी मांडी घालून बसली होती, गाऊन मुठीत गच्च, ओठ आत ओढलेले, डोळे टक्क उघडे. भोवती मोठे डॉक्टर, भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई. धाकटे डॉक्टर भिंतीला चिकटून उभे, कान लालबुंद. बोट न दाखवता कोणाची खरडपट्टी निघाली होती ते कळत होतं.

"बाई, ही रेघ कोणी काढली?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. आता मोबाइल नव्हता आणि आवाजात क्लचही नव्हता.

"मी."

"का?"

तिने सांगितलं. नट, पाना, रेघ, सगळं. सांगताना तिचं तिलाच ते कसं ऐकू येत होतं ते काय सांगावं.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या डेपोत बाहेरचं कोणी येऊन, कोणाला न विचारता, एखाद्या नटावर अशी रेघ ओढून गेलं तर?"

"त्याचा हात मोडीन मी."

"हं," डॉक्टर म्हणाले. "आता सांगा. कुठली बाजू?"

"उजवी."

तिला वाटलं, झालं, आता मान्य करतील. कुठलं काय! त्यांनी तिच्या शब्दावरही भरवसा ठेवला नाही. भिंगरीला खाली उतरवलं, म्हणाले, "चल, मला उड्या मारून दाखव." भिंगरीने आईकडे बघितलं. आईने मान हलवली. मग तिने पाच-सहा उड्या मारल्या, एकदा खोकली, आणि उजव्या जांघेत फुगा वर आला. डॉक्टरांनी हात लावला, सिस्टरलाही लावायला सांगितलं, कागद बघितला, मनगटाची पट्टी वाचली, मग स्वतःच्या हाताने उजवीकडे बाण काढला. हे सगळं होईपर्यंत चेकरबाई बघत उभी होती. असली काटेकोर माणसं तिला डेपोत मिळाली असती तर तिने डोक्यावर घेतली असती, आणि सकाळपासून त्यांनाच ती शिव्या घालत होती.

"हे पिवळं कशाने जातं?" सिस्टर स्पिरिटचा बोळा घासत होती.

"जात नाही. डिझेलनेही जात नाही."

सिस्टरने एक सुस्कारा टाकला आणि रेघेवर भलीमोठी पांढरी पट्टी चिकटवून टाकली.

आता फक्त झोपवायचं राहिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मास्क पुढे केला. "याला फुग्यासारखा वास आहे, हुंगून बघतेस?"

"नाही," भिंगरी म्हणाली. आत आल्यापासूनचा तिचा पहिला शब्द. "मी झोपणार नाही. मला लक्ष ठेवायचंय."

"कशावर?"

"तुमच्यावर. आई म्हणाली, तुम्हाला डावं-उजवं कळत नाही. चुकलात की मी ओरडणार आहे."

चेकरबाईला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. नवरा बाहेर होता हे एक बरं. तिने सिस्टरकडे बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग ती भिंगरीसमोर वाकली.

"भिंगरी, ऐक. डावं-उजवं यांना कळतं. माझंच चुकलं. मी खूण चुकीच्या बाजूला केली, आणि ती यांनी पकडली."

"तू चुकलीस?"

"हो."

"तू?"

"हो गं. आणि तुला गुपित ठेवायला सांगितलं तेही चुकलं. आता तू झोप. लक्ष ठेवायला ही सगळी माणसं आहेत."

भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. भुवया जवळ आल्या, मान जराशी तिरकी झाली. ही नजर चेकरबाईने कधी आरशात बघितली नव्हती, पण डेपोतल्या प्रत्येक माणसाने ती झेलली होती. लेक आईला तपासत होती. मग तिने आईच्या हातातलं आपलं बोट सोडवून घेतलं आणि सिस्टरचा हात धरला.

"आई बाहेर गेली तरी तुम्ही इथेच थांबाल?"

"थांबेन," सिस्टर म्हणाली.

"उजवीकडे."

"उजवीकडे. मी बघते."

भिंगरीने मास्कचा वास घेतला. "फुग्यासारखा नाहीये," एवढं म्हणाली आणि झोपली. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता बाहेर थांबा," आणि ती गेली. डोळे भरून आल्यामुळे तिला दार दिसेना, तर धाकट्या डॉक्टरांनी ते उघडून धरलं.

ऑपरेशन चाळीस मिनिटांत झालं आणि उत्तम झालं, हे सांगून टाकलेलं बरं. त्या चाळीस मिनिटांत बाकावर नवरा शेजारी बसला होता, आणि बऱ्याच वेळाने त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला. "पुन्हा मला खाली पाठवायचं नाही," तो म्हणाला. ती "नाही" म्हणाली. सहाव्या बोटाचे गृहस्थ शहाणे होते, ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दुपारी एकच्या सुमाराला खोलीत आणलेली भिंगरी जागी व्हायला लागली. ओठ सुकलेले, चेहरा फिकुटलेला. चेकरबाई तिच्यावर वाकली. सकाळपासून जीव मुठीत धरून ठेवलेला, तो आता कुठे सैल पडत होता.

"माझी राणी! झालं गं सगळं. उजवीकडेच झालं. अगदी नीट झालं."

भिंगरीने डोळे किलकिले करून आईकडे बघितलं. मग बाबांकडे. मग रिकाम्या दाराकडे.

"आई."

"काय गं बाळा? पाणी हवं?"

"सिस्टरना विचार."

"अगं, मी सांगतेय ना. उजवीकडेच झालंय."

"तू नको," भिंगरी म्हणाली. आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट होते. "त्यांना विचार."

नवरा काहीतरी बोलायला गेला. चेकरबाईने त्याला हातानेच थांबवलं. तिने लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"बरं," ती म्हणाली, आणि उठून सिस्टरना बोलवायला गेली.